गोळ्या नको, घरच्या घरी काहीतरी सांगा

पत्राचा सारांश, नाव-गाव वगळून: ताईंचं वय ३९, लातूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतात. पाच एकर रान, सगळं सोयाबीन, २०२५ च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीत उभं पीक पाण्यात गेलं. बँकेचं पीककर्ज आहे, वरून पाहुण्याकडून घेतलेले हातउसने आहेत. मोठा मुलगा लातूरला नीटच्या (डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या) क्लासला, रूम-मेसचे पैसे दर महिन्याला लागतात. ताई लिहितात, "दिवाळीपासून झोप येईना गेली. आली तरी तीनला डोळे उघडतेत, मग उजाडंस्तोवर छताकडं बघत पडायचं. सैपाक करता करता मधीच रडू येतंय. कशातच मन लागत नाही, शिलाई मशीनवर चादर टाकलीय ती काढलीच नाही, भजनाला जाणं बंद झालं. कधी कधी वाटतं झोपावं आन उठूच नये. मोबाईलवर बघून पहाटे कपालभाती केली, चालणं सुरू केलं, डायरीत रोज चांगल्या गोष्टी लिहिल्या, आठ दिवसांत सगळं सुटलं. शेजारणीनं अश्वगंधाची पावडर दिलीय. गोळ्यांची सवय लागते म्हणतेत, आन दवाखान्यात गेलं की लोक येडी म्हणतेत. मला नैसर्गिक काहीतरी सांगा, घरात कुणाला त्रास न देता करता येईल असं."

ताई, तुम्ही "झोपावं अन् उठूच नये" हे दोन वाक्यांच्या मध्ये सहज लिहून पुढं गेलात, पण मी तिथंच थांबले, म्हणून आधी त्याच्यावर बोलते. असं वाटणारी माणसं वाईट नसतात, येडी नसतात, लेकरांवर त्यांचं प्रेम कमी असतं असंही नाही. मन फार थकलं की हा विचार येतो. नुसतं "नकोसं झालंय" इथपर्यंतच आहे का, की जीव द्यायचा, कसा द्यायचा इथपर्यंत विचार गेलाय, हे स्वतःला खरं खरं विचारा. तिथपर्यंत गेला असेल तर हे पत्र पुढं वाचू नका, आत्ता नवऱ्याला किंवा बहिणीला हाक मारा, एकट्या राहू नका, आणि १४४१६ लावा. ती केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाईन आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री तीनला पण लागते आणि मराठीत बोलता येतं. आणि विचार तिथपर्यंत गेला नसला तरी एक काम आजच करा, घरात फवारणीचं औषध ठेवलेलं असेल तर ते नवऱ्याला सांगून कुलपात टाकायला लावा नाहीतर दुसऱ्याच्या ताब्यात द्या, चावी तुमच्याकडं नको आणि त्यांच्याकडंही नको, कारण पीक त्यांचंही गेलंय. हा विचार बऱ्याचदा काही मिनिटं, काही तास जोरात येतो आणि ओसरतो, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. आपल्या भागातल्या प्रत्येक शेतकरी घरानं हे करावं असं मला मनापासून वाटतं, घरात कुणी उदास असो नसो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही नैसर्गिक उपाय मागितलाय, पण पत्र वाचताना मला सारखं वाटत राहिलं की तुम्हाला त्याहून जास्त हवाय तो कुणाला कळणार नाही असा उपाय. पहाटे सगळे उठायच्या आधी कपालभाती, डायरी कपाटात साड्यांच्या खाली, पावडर डब्यात, रडणं सैपाकघरात. चार महिने तुम्ही हे एकट्यानं ओढताय आणि वरून घरच्यांना त्रास नको म्हणताय. मला तुमच्या या "त्रास नको" वरच शंका आहे. नवऱ्याला काहीच दिसत नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं का? तीनला शेजारचं माणूस जागं असतं हे एका खोलीत झोपणाऱ्याला कळतं हो. बहुतेक तो पण जागाच असेल, तिकडं तोंड करून. दोघं एकमेकाला त्रास नको म्हणून गप्प, आणि घर नुसतं जड होत चाललंय. उदासी एकटेपणात जास्तच वाढते, आणि तिच्यावरची जी जी नैसर्गिक औषधं मला माहिती आहेत त्यातली बहुतेक एकट्यानं गुपचूप घेतली की लागू पडत नाहीत.

तुमचा आठ दिवसांचा कार्यक्रम का सुटला त्याचं उत्तर पण यातच आहे. तुम्ही म्हणता "माझ्यातच जिद्द नाही". जिद्दीचा काही संबंध नाही ताई. झोप नाही, पोटात धड अन्न नाही, अशा माणसानं एका सोमवारपासून पाचला उठणं, प्राणायाम, चार किलोमीटर आणि डायरी हे सगळं एकदम धरलं, ते सुटणारच होतं. शिवाय सगळे समजतात की आधी मन थाऱ्यावर येईल, मग कामात लक्ष लागेल, मग भजनाला जाऊ. उदासीत हे उलटं असतं. हुरूप आधी येत नाही, आधी हात हलवावा लागतो, तोही इच्छा नसताना आणि अगदी थोडा, मग काही दिवसांनी हुरूप मागून येतो. हे मी मनाचं सांगत नाही. शेजारच्या गोव्यात सरकारी आरोग्य केंद्रांमध्ये याच तत्त्वावर एक उपचार करून पाहिला गेला, डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या साध्या समुपदेशकांनी उदासीच्या आजारातल्या लोकांना सहा ते आठ वेळा भेटून, सुटलेल्या गोष्टी थोड्या थोड्या परत करायला लावल्या, आणि लोक खरंच सुधारले. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तो अभ्यास २०१७ साली छापून आलाय.

म्हणून मशीनपासून धरा. ब्लाऊज शिवायला बसू नका, कुणाची ऑर्डर तर मुळीच घेऊ नका. पहिल्या दिवशी फक्त चादर काढायची, घडी करून ठेवायची, मशीनला दोन थेंब तेल सोडायचं आणि उठायचं. दुसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवायचा, बॉबिन भरायची, एखाद्या चिंधीवर दोन सरळ टाके मारायचे. मग कधीतरी घरातल्याच साडीचा फॉल, अर्धा लावून सोडला तरी चालतो. मजा येणार नाही, सुरुवातीला अजिबात येणार नाही, उलट "काय करायलेय मी हे" असं वाटेल, ते वाटू द्या आणि पाय चालवा. दहा मिनिटं झाली की बास. जास्त करावं वाटलं तरी पहिला आठवडा दहाच्या पुढं जाऊ नका, कारण एक दिवस जोरात करून तीन दिवस आडवं पडण्यानंच माणूस हरल्यासारखं होतं.

भजनाचं मात्र एकटीनं ठरवू नका. मंडळातली जी बाई तुम्हाला जवळची वाटते तिला सांगा, "एकादशीला मला घरून घेऊन जा, मी नाही म्हणले तरी ने." गायचं नसेल तर टाळ धरून मागं बसा. चार बायांच्या आवाजात आपला आवाज मिसळला की श्वास आपोआप लांब होतो, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, तुम्ही गौळणी म्हणायच्या असं लिहिलंय. आपल्याकडं हरिपाठ, काकडा, येळवशीला म्हंजे वेळा अमावस्येला सगळ्यांनी मिळून रानात जेवणं, हे लोक नुसतं देवाधर्माचं म्हणून सोडून देतात, मला तर ते गावानं गावासाठी लावून ठेवलेलं औषध वाटतं.

चालणं. याबद्दल लोक खूप बोलतात आणि या बाबतीत बरोबरच बोलतात. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ सालचा एक अभ्यास आहे, डिप्रेशनचे, पन्नास आणि त्यापुढच्या वयाचे १५६ जण घेतले, काहींना गोळी, काहींना आठवड्यातून तीनदा व्यायाम, काहींना दोन्ही. सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांत साधारण सारखाच फरक दिसला. पण गोळी घेणाऱ्यांना सुरुवातीला लवकर फरक पडला होता, आणि व्यायाम घरी एकट्यानं नव्हता, देखरेखीखाली सगळ्यांनी मिळून करायचा होता, हे दोन मुद्दे मोबाईलवरचे फॉरवर्ड गाळून टाकतात. खेड्यात बाई एकटी रस्त्यानं चालायला लागली की चार जण विचारतात "कुठं चालल्या ताई", हे मला माहिती आहे. मग शेजारणीला सोबत घ्या, तिनं पावडर दिली म्हंजे तिला तुमची काळजी आहे, तिला म्हणा पावडर राहू दे, सकाळी रानापर्यंत चल माझ्यासोबत. जाऊन येऊन वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. आता ऊन वाढायलंय, पुढं आपल्याकडं चाळिशीच्या वर जातं, म्हणून आठच्या आत उरका, आणि सकाळचंच जा याला अजून एक कारण आहे, सकाळचा उघड्यावरचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ लागतं आणि रात्रीची झोप वेळेवर यायला मदत होते.

झोपेचं थोडं नीट बोलू. तीनला जाग आली आणि अर्धा तास झाला तरी डोळा लागला नाही तर पडून राहू नका, उठून दुसरीकडं बसा, मंद दिवा लावा, काहीतरी कंटाळवाणं करा, डाळ निवडा, पण मोबाईल नको आणि घड्याळ बघणं तर अजिबात नको. झोप यायला लागली की परत आडवं व्हा. रात्र कशीही गेली तरी उठायची वेळ एकच ठेवा, दुपारी लांबलचक झोपून भरपाई करायची नाही. आणि चहा. तुम्ही दिवसात पाच-सहा कप लिहिलेत, त्यातला एक संध्याकाळी सात वाजताचा. चहातला उत्तेजक भाग शरीरातून अर्धा कमी व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हंजे सातचा चहा मध्यरात्री पण थोडा तुमच्या अंगात असतो. चारच्या नंतर बंद करा. जेवणाला लागून पण नको, जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

जेवणावरून आठवलं, तुम्ही लिहिलंय, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, एवढे उपवास आणि बाकीच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर उरलं ते. मी उपवास सोडा म्हणणार नाही, तो तुमचा आणि देवाचा विषय आहे, पण नुसत्या चहावर उपवास काढू नका, दूध, ताक, शेंगदाणे, राजगिरा पोटात जाऊ द्या. भारतात निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी आहे, सरकारच्याच आरोग्य पाहणीत २०१९-२१ ला ५७ टक्के आलंय. रक्त कमी, थायरॉईड कमी, बी-१२ कमी, यातल्या कशानंही थकवा येतो, मन उतरतं, चिडचिड होते, आणि बाई आपल्याच स्वभावाला दोष देत बसते. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं तर फार नेहमीचं. तुम्ही शाकाहारी, वरून इतके उपवास, म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि बी-१२ या तीन तपासण्या या महिन्यात करून घ्या.

कपालभातीनं तुम्हाला घाबरल्यासारखं झालं, छाती धडधडली असं लिहिलंय. जोरजोरात भराभर श्वास सोडला की आधीच ताणलेल्या माणसाला असं होऊ शकतं, ती बंद करा. त्याऐवजी बसल्या जागी चार मोजेपर्यंत श्वास आत, सहा मोजेपर्यंत सावकाश बाहेर, पाच मिनिटं. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. रडू दाटून येईल तेव्हा गॅस बारीक करून हे करा. यानं उदासी जाणार नाही, पण ती घटका निभावते.

डायरी मात्र ठेवून द्या. रोज तीन चांगल्या गोष्टी लिहायला काहींना आवडतं, पण तुम्ही लिहिलंय की "एवढं सगळं देवानं दिलं तरी मी रडतेय" असं वाटून जास्तच रडू यायचं. ज्या उपायानं अपराधी वाटतं तो उपाय आपला नाही. त्याच वहीत दुसरं काहीतरी लिहा, बँकेचं किती, हातउसने कुणाचे किती, क्लासचे किती राहिले, सगळे आकडे एका पानावर, नवऱ्याला शेजारी बसवून. रात्री तीनला डोक्यात फिरणारं कर्ज कागदावरच्या कर्जापेक्षा नेहमी मोठं असतं. नैसर्गिक आपत्तीत ३३ टक्क्यांच्या वर नुकसान झालं असेल तर पीककर्जाचं पुनर्गठन करायची, म्हंजे फेडायची मुदत वाढवून हप्ते नव्यानं ठरवायची तरतूद बँकांना आहे, पंचनाम्याची नक्कल घेऊन शाखेत जा, दोघं जा, आणि आपल्या तालुक्याला ते लागू आहे का ते तोंडी नाही, अर्ज देऊन विचारा. पीक पाण्यात गेल्याचं दुःख काही मनाचा खेळ नाही, ते खरंखुरं आहे, आणि श्वास मोजून कर्ज फिटत नाही हे मला पण कळतं. पण हिशोब दोघांच्या डोळ्यांसमोर आला की निदान त्याची भीती तरी वाटून घेता येते.

अश्वगंधा. ताण आणि झोपेसाठी तिचा थोडाफार उपयोग होतो असं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, तुमच्यासारख्या महिनोन् महिन्यांच्या उदासीवर तो इलाज मात्र नाही. आणि झाडापासून आलं म्हणून निरुपद्रवी असं काही नसतं. अश्वगंधा थायरॉईड वाढवू शकते, थायरॉईडच्या आणि झोपेच्या गोळ्यांशी तिचं जमत नाही, गरोदरपणात घेऊ नये, क्वचित कुणाच्या लिव्हरला पण त्रास झालाय. तुमची तर थायरॉईडची तपासणीच झालेली नाही. बिनलेबलच्या पुडीतली तर घेऊच नका, घ्यायचीच असेल तर तपासणीनंतर, शिकलेल्या वैद्याला विचारून. ऑनलाईन सेंट जॉन्स वॉर्ट नावाच्या विलायती झाडाच्या गोळ्या पण "नैसर्गिक" म्हणून मिळतात, त्या डिप्रेशनच्या गोळ्यांसोबत घेतल्या तर धोका होऊ शकतो, गर्भनिरोधक गोळ्यांचा असर पण त्यानं कमी होतो, तिकडं वळू नका.

आता गोळ्यांची भीती. आपल्या लोकांची इथं मोठी गल्लत होते, झोपेची गोळी आणि उदासीवरची गोळी एकच समजतात. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्यांची सवय लागते, हे खरं आहे, म्हणून मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून चिठ्ठीशिवाय त्या कधीही आणू नका. उदासीवर डॉक्टर ज्या गोळ्या बहुतेक वेळा देतात त्यांची तशी तलफ लागत नाही, फरक दिसायला दोन ते चार आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात. तुम्हाला गोळी लागेलच असं मी म्हणत नाही, ते तपासणारा डॉक्टर ठरवेल, कदाचित नुसतं बोलणं आणि वर लिहिलेल्या गोष्टी पुरतील. पण दोन आठवड्यांच्या वर, जवळपास रोज, मन उदास किंवा कशातच रस नाही, सोबत झोप-भूक बिघडलेली, तर दाखवून घ्यायचं असतं, आणि तुमचे चार महिने होत आले, शिवाय ती "उठूच नये" वाली ओळ. तुमच्या बाबतीत मी घरगुती उपाय आधी, डॉक्टर नंतर, असं सांगणार नाही. दोन्ही एकाच वेळी.

कुठं जायचं? तुम्ही मुलाला भेटायला लातूरला जाताच. त्याच दिवशी सकाळी सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत मानसोपचार विभागात जा, रक्ताच्या तपासण्या पण तिथंच सांगता येतील. बीडकडच्यांना अंबाजोगाई, नांदेडला सरकारी कॉलेज, संभाजीनगरला घाटी दवाखाना, बाकी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात. गावातल्यांना सांगायची काही गरज नाही. नवऱ्याला मात्र सांगा आणि सोबत न्या. कसं सांगू, तर असं सांगा, "मला चार महिन्यांपासून झोप नाही, सारखं रडू येतंय, मला एकटीनं निभेना, माझ्यासोबत दवाखान्यात चला." एवढंच. मग त्यांना विचारा, "तुम्हाला झोप लागते का?" आणि ते काही बोलले तर मध्ये बोलू नका.

हे वाचणाऱ्या भाऊ लोकांना पण सांगते, तुमच्यात उदासी रडण्यातून कमी आणि चिडण्यातून, गप्प बसण्यातून, संध्याकाळच्या क्वार्टरमधून जास्त दिसते. दारूनं झोप लवकर लागते पण रात्रीच्या उत्तरार्धात मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन अजून खाली जातं. ताण घालवायचा नैसर्गिक उपाय म्हणून ती कुणी सुचवली तर ऐकू नका. आणि नुकतंच बाळंतपण झालेल्या बाईला रडू येत असेल, दोन आठवडे झाले तरी थांबत नसेल, तर "होतंय सगळ्यांना" म्हणून सोडू नका, तिलाही दाखवा.

शेवटी तुम्ही विचारलंय की पोराला कळलं तर त्याच्या परीक्षेवर परिणाम होईल का. १७-१८ वर्षांच्या मुलाला रोज फोनवर आईचा आवाज ऐकू येतो ताई, त्याला काहीतरी बिनसलंय हे कळलेलं आहे, फक्त काय ते माहिती नाही, म्हणून तो बहुतेक स्वतःच्याच मार्कांना धरून बसला असेल. कर्जाचे आकडे त्याला सांगू नका. पण "माझी तब्येत जरा बरी नव्हती, झोप येत नव्हती, मी डॉक्टरला दाखवतेय, पप्पा सोबत आहेत, तुझ्यामुळं काही नाही" एवढं सांगा. आणि मग त्याला पण विचारा, अभ्यास झाला का हे नाही, जेवलास का आणि झोपतोस किती वाजता, कारण लातूरच्या त्या रूमवर तो पण एकटाच आहे.